गडगा

जोईल आणि कोयंडे यांच्या कलमांमधे
कमरेएवढा जांभ्याचा गडगा आहे.
बेडं आहे, बेड्याला कडी आहे, कुलूप कधीच नव्हतं.
होडी दोघांची मिळून, इंजिनाचं कर्ज दोघांच्या नावावर.
एकाकडे तिसऱ्यांचं सुकं शिजलं
की दुसरा विचारत नाही, ताट घेऊन येतो.

तरी वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं:
कोयंड्याच्या मांगरात, रिकाम्या आंबापेट्यांमागे,
सुपारीच्या विरीत गुंडाळलेले चौदा गावठी बॉम्ब.
डुकरांसाठी, तो म्हणतो.
डुकरं तीन वर्षांत फिरकली नाहीत.
आम्ही मोजायला गेलो नव्हतो. चौदा हा आकडा
देवगडच्या सलूनमधे, दाढी अर्धी झालेली असताना ऐकलेला.

चैत्रात जोईलाच्या राखणदाराचं, टेकबहादूरचं,
कुणीतरी डोकं फोडलं. सतरा टाके.
फोडणारा कुठे झोपतो तेही मग कळलं.
त्याच मांगरात.
कोयंड्याला माहीत होतं, की नव्हतं?
दोन्ही उत्तरं वाईट होती,
म्हणून जोईलानं प्रश्नच विचारला नाही.

अवशेच्या रात्री चार पोरं गडग्यावरून उतरली,
बॅटरी न लावता, अनवाणी.
पाव तासात काम झालं. चोर मुसक्या बांधून बाहेर.
गडग्याचा एक चिरा तेवढा ढासळला.
सकाळी चहाच्या टपरीवर शाब्बासक्या,
वर टीव्हीवर कुठल्यातरी मोठ्या देशाचे सैनिक
दोस्ताच्याच मुलखात रात्री शिरून परतलेले.
तिथेही टाळ्या. कुणीतरी म्हणालं,
आपलो जोईल काय कमी आसा?

मी एकवीस वर्षं नौदलात सिग्नलमन होतो.
परक्या बंदरात शिरताना आम्ही
त्यांचं निशाण आपल्या डोलकाठीवर चढवायचो.
दोन हातांचं कापड. त्यानं काही थांबत नाही,
पण किनाऱ्यावरच्या तोफेमागे बसलेल्या माणसाला
श्वास सोडता येतो.

"माझ्याच मांगरात, माकाच न इचारता?"
"तुका सांगलंय असतंय तर तो पळालो असतो."
एवढंच बोलले. मग होडी एक दिवसाआड
वेगवेगळे घेऊन जाऊ लागले.

आषाढात कोयंडे माझ्या पडवीत येऊन बसला.
म्हणाला, त्या रात्री मी जागो होतंय.
पाचोळ्यात पाय वाजले. चार जण की दहा, कळेना.
वाटलं, चोरासाठी कोण कशाला येईल,
हे त्या चौदांसाठीच आलेत.
एक उचलून हातात धरला. पोरं सात पावलांवर.
"हात घामान भिजलो होतो, काका.
निसाटलो असतो तर?"

शाब्बास म्हणणाऱ्यांच्या हिशेबात
हा हात कुठेच नाही.

आणि पुढचं त्यानं खाली बघत सांगितलं.
त्या रात्रीपासून तो ते हलवत असतो.
एका जागी ठेवले तर पुन्हा येतील.
कधी विहिरीच्या कोनाड्यात, कधी गवताच्या उडवीत,
कधी मासळीच्या टोपलीत घालून, एम-एटीवर,
दिवा बंद करून, सड्यावरच्या त्या खड्ड्यांच्या रस्त्यानं.
बायकोला सांगत नाही. मोजतो.
परवा तेरा भरले.
पुन्हा मोजले. तेरा.

मी जोईलाकडे गेलो. तो म्हणाला,
चोर तर सापडला ना?
चोर जामिनावर सुटून कणकवलीला असतो.
ढासळलेला चिरा अजून तसाच पडून आहे,
दोघंही म्हणतात, दुसऱ्यानं उचलावा.

सकाळी शाळेची पोरं पाणंदीतून जातात
कोयंड्याच्या कुंपणालगत,
पडलेला आंबा सापडेल म्हणून
पायानं पाचोळा उडवत.